बाटलीवरच्या रेघा

"जाऊन आलीस का? मध्येच गाडी थांबायची नाही हं!"

शाळेला निघताना दारातून आईचा आवाज यायचा. आई बसकंडक्टर. टिंगटिंग, डबल बेल, की तिची गाडी सुटली. ड्यूटीभर ती स्वतः मात्र पाणी प्यायची नाही, नुसते ओठ ओले करायची. वाटेत बाईमाणसाला जायला जागा कुठे?

आता तीच आई अंथरुणाला खिळलेली, आणि दोन महिन्यांत तिसऱ्यांदा लघवीत जंतू. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलल्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"गोळ्या पुऱ्या संपवा. पण पाणी पोटात जायला हवं, लघवी तुंबवायची नाही. थंडी वाजून ताप आला तर जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले समजा. मग सरळ दाखल करायचं."

गोळ्या मी माझ्या हाताने देत होते. दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात. तेव्हा आईला सांभाळायला मावशी यायच्या. पाणी त्यांच्या हाती.

मी बाटलीवर नेलपॉलिशच्या रेघा ओढल्या. इथवर दहाला, इथवर बाराला, इथवर दोनला. संध्याकाळी बाटली रिकामी, आणि आईची जीभ सुकल्या पानासारखी. मग पाणी गेलं कुठे? मी खोलीत पाऊल टाकलं की दोघींची कुजबुज चिमण्यांसारखी भुर्रकन उडायची. दोरीवर एकाआड एक दिवस धुतलेली चादर.

"एवढं धुणं कशाला, मावशी?"

"धूळ बसते हो, ताई."

धूळ! खिडकी तर बंद असायची.

आज आईचं अंग जरा गरम लागलं आणि माझा तोल सुटला.

"खरं सांगा, पाणी मोरीत ओतता ना? तिला उठवून न्यायला नको म्हणून?"

"पिण्याच्या पाण्याचा थेंब नाही ओतला मी." मावशींनी आईकडे बघितलं. आईने भिंतीकडे.

"उद्यापासून येऊ नका."

आई कण्हली, ओटीपोटावर हात दाबून. शेकायची पिशवी भरून आणावी म्हणून मी ती पांघरुणातून ओढली. जड. थंडगार. बूच काढलं तर गळ्यापर्यंत पाणी.

"अगंबाई, आज मी ती भरलीच नाही!" मावशी म्हणाल्या. "रोज जाताना ओतून टाकते, शेकलेलं पाणी समजून."

आम्ही दोघी आईकडे वळलो. ती पकडलेल्या फुकट्या प्रवाशासारखी दिसत होती.

"तिला काढू नकोस गं," ती पुटपुटली. "मीच तिला शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही म्हणून. चादर ओली व्हायची. संडासाच्या दारापर्यंत पोचेस्तोवर राहवायचं नाही. तीस वर्षं धरून ठेवलं, आणि आता चार पावलं धरवत नाही. तुला कळू नये म्हणून म्हटलं, पाणीच नको. हिची पाठ वळली की पिशवीत ओतायचे."

"चादरी धुवून धुवून हात गोरे झाले माझे," मावशी म्हणाल्या, पण डोळे पुसत.

"मावशी, चुकलं माझं," मी म्हटलं, आणि ग्लास भरून आईच्या ओठांशी नेला. तिने तो अर्धा प्यायला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"अजून एक सांगायचंय."

"काय?"

"दुपारपासून लागलीय मला. ने ना गं. डबल बेल दे."