कार्डावरचे पाचवे नाव

सोमवार, ४ फेब्रुवारी १९४६ रोजी सकाळी भुईगावातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर असे होते : साखरेचे पत्र्याचे डबे पाच, प्रत्येकात चौदा तोळे. रॉकेलची बाटली एक, तीत चार बोटे तेल. काड्यापेट्या दोन, दोन्हींत मिळून काड्या त्र्याहत्तर. रेशनकार्ड एक. कार्डावर नावे पाच. घरात माणसे चार.

पाचवे नाव इझाबेल आत्याचे. ती माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्न झाले नाही, चाळीस वर्षे भावाच्या घरी राहिली आणि १९ जानेवारीला तापाने गेली.

डबे वेगवेगळे का, ते सांगायला हवे. रेशन सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात आमच्याकडे साखरेवरून भांडण झाले. बाबांनी पाच डबे आणले, प्रत्येकावर चुन्याने एकेकाचे नाव घातले आणि जाहीर केले, "आपापलं खा. माझ्या डब्याला हात लावाल तर बोट मोडीन." त्या काळात बऱ्याच घरांत अशी वाटणी होती. बाकीच्यांना तिचा जाच वाटे, आत्याला मात्र ती फार आवडली. तोवर ती घरात जे पानात पडे ते खात असे आणि कुणी काही म्हणत नसले तरी खाताना मान खाली घालत असे. कार्ड आल्यापासून ती सकाळच्या चहात एक तोळा आणि दुपारी चारच्या चहात एक तोळा साखर स्वतःच्या हाताने घेऊ लागली. कुणी थट्टा केली की म्हणे, "सरकारनं माझं नाव लिहिलंय. तुमच्या ताटातलं नाही खात मी."

ती गेल्यावर दोन सोमवार आईने चौघांचीच साखर आणली. दुकानदाराने काही विचारले नाही. तिसऱ्या सोमवारी तिने पाच जणांची आणली, ती माझ्या सांगण्यावरून.

मी आदल्या वर्षी रसायन घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि घरी बसलो होतो. धाकट्या बहिणीला, रोझलीनला, शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचे होते. दहा जूनच्या आत पस्तीस रुपये भरायचे होते आणि केळ्यांचे पैसे त्या वर्षी बेतास बात आले होते. मी घरखर्चाचा अभ्यास केला. वात सरळ कापली आणि चिमणीची काच रोज राखेने घासली, तर तोच उजेड कमी तेलात पडतो, हे मी मोजून दाखवले. भात एक कढ आला की उतरवून गवत भरलेल्या खोक्यात झाकून ठेवायचा, म्हणजे लाकूड निम्मे लागते. वाण्याकडे उधारी बंद. रोख दिले की तो रुपयामागे अर्धा आणा सोडतो. वसईला जाताना टांगा नाही. उरलेले पैसे महिन्याच्या आरंभीच पोस्टाच्या पुस्तकात भरायचे, अखेरीस नाही, म्हणजे त्या महिन्याचे व्याज बुडत नाही. या सगळ्यातून महिन्याला सात रुपये बारा आणे वाचत होते. चार महिन्यांचे एकतीस. चार रुपये कमी पडत होते.

म्हणून मी सातवे कलम लिहिले : इझाबेल आत्याचे नाव इतक्यात काढू नये. तिची साखर आठवड्याला गिरीजच्या सावित्रीबाईंना द्यावी. सावित्रीबाईंचे यजमान हरिभाऊ बागाईतदार, घरी पाहुण्यांचा राबता, साखर कधी पुरायची नाही. त्या बाजारभावाने पैसे देणार होत्या. महिन्याला दीड रुपया.

आईने, म्हणजे फिलोमिनाबाईंनी, कलम वाचून घेतले. "मेलेल्या माणसाच्या नावावर खायचं?"

"खायचं कुठे? विकायचं."

"ते आणखी बरं," बाबा म्हणाले. "शिकून आलाय पोरगा."

पण रोझलीनचे तोंड पाहून आई तयार झाली.

रविवारी संध्याकाळी ती साखर घेऊन गिरीजला निघाली. आत्याचा डबा उघडला तर तो रिकामा. तळाला दाणासुद्धा नाही.

"रोझे!"

"मी नाही! देवाशपथ नाही. मी आत्याच्या डब्याला हात लावीन?"

मुंग्यांची ओळ नव्हती, उंदराने झाकण उघडलेले नव्हते. दुसऱ्या आठवड्यापासून मी रोज वजन करू लागलो. बांबूची दांडी आणि करवंट्यांची दोन पारडी असा काटा मी केला होता. वजन म्हणून नाणी वापरली. आपला रुपया बरोबर एक तोळ्याचा असतो, आठ आण्याचे नाणे अर्ध्या तोळ्याचे, पावली पाव तोळ्याची. घरखर्चासाठी ठेवलेलेच रुपये मी पारड्यात टाकत असे. संध्याकाळची वजने अशी आली : सोमवारी बारा, मंगळवारी दहा, बुधवारी आठ. रविवारी काही नाही.

तिसऱ्या आठवड्यात डब्याच्या झाकणाला मेणबत्तीचे मेण लावून बंद केले आणि मेणावर माझ्या अंगठ्याचा ठसा घेतला. रविवारी ठसा जसाच्या तसा होता. डबा रिकामा होता. चौथ्या आठवड्यात शेजारी माझा स्वतःचा डबा ठेवला, तोही चौदा तोळे भरून, तसाच मेण लावून. आठवडाभर मी चहा बिनसाखरेचा प्यालो. माझ्या डब्यातली साखर दमट हवेने पाव तोळा वाढली. आत्याच्या डब्यात काही नव्हते.

मी वहीत लिहिले : घट रोज दोन तोळे. कारण अज्ञात.

"अज्ञात कसलं?" आई म्हणाली. ती चुलीपुढे वाल सोलत होती. "चार वाजता मला चमचा ऐकू येतो. कपाच्या काठाला दोनदा आपटायची ना ती, तसाच."

"मला नाही येत ऐकू."

"तू कधी ऐकलंस तिचं? ती होती तेव्हा तरी?"

मार्चच्या मध्याला, उपवासकाळात, मी आणखी एक गोष्ट केली. आठवड्याच्या आरंभी मेण लावलेला डबा सबंध काट्यावर ठेवला आणि दुसऱ्या पारड्यात रुपये व मोड टाकून दांडी समपातळीत आणली. दारे-खिडक्या लावल्या, वारा नको म्हणून. कौलातल्या काचेतून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडला होता. आई, रोझलीन आणि मी, तिघे तीन हात लांब बसलो. माझे घड्याळ मांडीवर होते.

चार वाजले. काही झाले नाही.

"आता सगळेच बघतायत म्हटल्यावर कशी येईल?" रोझलीन कुजबुजली. "ती कुणासमोर खायची का कधी?"

चार वाजून सात मिनिटांनी डब्याचे पारडे वर जाऊ लागले. एकदम नाही. केसभर, मग थांबले. मग पुन्हा केसभर. आईने क्रूस केला. रोझलीन आधी हसली आणि म्हणाली, "सावकाश गं आत्या, भाजेल," आणि मग तिने तोंडात पदर कोंबला. दांडी पुन्हा समपातळीत येण्यासाठी मी दुसऱ्या पारड्यातून एक रुपया काढला. त्याला चार वाजून तेरा मिनिटे झाली होती. मेण शाबूत होते. मी ऊन पडलेल्या जागी हात धरून पाहिला. हवा हलत नव्हती.

त्या दिवशी पहिल्यांदा आई म्हणाली, "मी वसईला जाते आणि नाव काढून टाकते."

"आई, आणखी चार आठवडे. रोज हेच होतं का ते बघायला हवं. ती साखर कशी घेते ते कळलं तर थांबवताही येईल."

"थांबवायची? कुणाला?"

"रोझलीनचे चार रुपये—"

"सावित्रीबाईकडे आजवर एक तोळा तरी गेला का?"

"नाही."

"मग तुझं सातवं कलम काय देतं?"

"काही नाही."

"मग कशाला पाहिजे तुला चार आठवडे?"

याला माझ्याकडे उत्तर होते, पण ते आईला सांगण्यासारखे नव्हते. मला आकडे हवे होते. चार आठवड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही, नऊ-दहा आठवडे हवेत, असे मी मनात धरले होते. मी तिला पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणापर्यंत थांबवले. कधी ट्रेनिंग कॉलेजचे नाव सांगून, कधी वसईच्या कचेरीत दंड होईल अशी भीती घालून.

मी मोजत राहिलो. आई खंगत गेली. चार वाजता ती स्वयंपाकघरात थांबेनाशी झाली. विहिरीवर जाऊन बसे. मी वहीत नोंद ठेवली नाही, पण रविवारी चर्चमध्ये मिस्साला ती कम्युनियनला, ख्रिस्तप्रसाद घ्यायला, उठत नव्हती. सगळी रांग पुढे जाई, ही बाकावर मान खाली घालून बसे. आत्या जेवताना घालायची तशी. गावात अशी गोष्ट दोन रविवारांत सगळ्यांना कळते. पास्काला तरी कम्युनियन घ्यावेच लागते. ज्याने घेतले नाही त्याच्या घराकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. शेजारची जुलियाना विहिरीवर मोठ्याने म्हणाली, "फिलोमिनाबाय, पोट बिघडलंय की मन?"

पास्काआधीच्या पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी आई कुमसाराला, फादरपुढे पापांची कबुली द्यायला, गेली आणि लगेच परत आली. ओट्यावर बसून म्हणाली, "फादरनी माफी दिली नाही. म्हणाले, आधी नाव काढून ये."

बाबा केळीचे घड उतरवून नुकतेच आले होते. त्यांनी कोयता खाली ठेवला. "बेनेडिक्ट, झाले का तुझे आठवडे?"

"दहावा चालू आहे. रविवारी संपेल."

"रविवारी पास्का आहे."

"बाबा, दहा पुरे झाले की मी—"

"ती तुझी आत्या आहे," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "उंदीर नाही. चाळीस वर्षं इथे राबली. एक चमचा साखर स्वतःची म्हणून मिळाली तिला, मरायच्या आधी दोन-तीन वर्षं. आपण नाव ठेवलं म्हणून ती येते. हक्काचं आहे म्हणून येते. आणि तू पारड्यात रुपये टाकून बघत बसतोस. रोझलीनचं म्हणशील तर मिठागरावर मोजणीदार पाहिजे आहे, तीस रुपये पगार, तुझे बाबा तीनदा बोलले. तुला नको होतं ते. बी.एस्सी. ना तू. आता मीठ मोज. मोजायची एवढी हौस आहे तर."

रोझलीन दारात उभी होती. "दादा, मला त्या साखरेचे पैसे नकोत," ती म्हणाली. "एक वर्ष थांबेन हवं तर."

मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी आई वसईला चालत गेली, मी तिच्याबरोबर होतो. कचेरीतल्या कारकुनाने मृत्यूची तारीख विचारली. आईने खरी सांगितली. त्याने कार्डाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, पाचव्या नावावर लाल शाईची रेघ ओढली आणि म्हणाला, "बाई, लोक सांगत नाहीत. तुम्ही कशाला सांगितलंत?" दंड केला नाही.

परतताना आई दफनभूमीकडे वळली. आत्याच्या मातीवर अजून दगड बसवला नव्हता, नुसता लाकडी क्रूस होता. आईने गवत उपटले, हात झाडले आणि शेजारणीशी बोलावे तशी बोलली.

"इझाबेल, कार्डावरचं नाव आज काढलं. आता तिथं तुझं काही नाही. रागावू नकोस. पण घर आहे ना. माझ्यातलं घेत जा."

मी म्हणालो, "आई, असं बोलू नकोस."

"का? तुझ्या वहीत बसत नाही?" ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसली होती.

पास्काच्या दिवशी आई रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे जुलियाना होती, मागे रोझलीन. मी बाकावरून पाहिले. आई मान वर करून चालली होती.

सोमवारी दुकानातून चौघांची साखर आली. आत्याचा डबा आईने धुऊन उन्हात पालथा घातला आणि नंतर त्यात मेथीदाणे भरले. मंगळवारपासून मी मिठागरावर जाऊ लागलो. संध्याकाळी घरी आलो की आई चहा देई. तिने स्वतःच्या कपात त्या आठवड्यात एकदाही साखर घातली नाही. रोझलीनला मी तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितले होते आणि तिनेही तेच सांगितले. बाबा, रोझलीन आणि मी आपापल्या डब्यांतून घेत होतो. आईचा डबा सोमवारी मी चौदा तोळे भरला होता, झाकणाला मेण लावून त्यावर ठसा घेतला होता.

रविवारी, २८ एप्रिलला, संध्याकाळी चहानंतर काटा काढला. मेणावरचा ठसा शाबूत होता. एका पारड्यात आईच्या डब्यातली साखर घ्यायची म्हणून झाकण काढले.

साखर : शून्य तोळे.