कोपऱ्यातलं कॅबिनेट

दादा गायचा, ती, त्याची धाकटी बहीण, बेस गिटार वाजवायची. ग्रुप दादाचा. हॉटेलच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम असायचा, आणि दर शनिवारी दादा तिच्या स्पीकरचं कॅबिनेट ढकलत मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा. जमिनीवर, दोन्ही भिंतींना चिकटवून.

"दादा, कोपऱ्यात आवाज नुसता घुमतो रे. एक सूर दुसऱ्यात शिरतो. जरा पुढे घे ना, आणि खाली काहीतरी ठेवून उंच कर."

"समोरून दिसतं ते. फ्रिज आणून ठेवल्यासारखं."

कॅबिनेटचं तोंड तिच्या पोटऱ्यांकडे असायचं. पोटऱ्यांना थरथर कळायची, कानांपर्यंत सूर पोचायचेच नाहीत. मग ती आवाज वाढवायची आणि पार मागच्या टेबलांवरचे ग्लास किणकिणायचे. मॅनेजर येऊन दादाच्या कानाशी लागायचा. परतताना गाडीत दादा सगळ्यांदेखत तिची हजेरी घ्यायचा, "बोटं आहेत का मुसळं?"

ती हसण्यावारी न्यायची आणि घरी हेडफोन लावून तेच तुकडे घोटत बसायची. पुढे पुढे तिलाच वाटू लागलं, आपला हात जड आहे. आईही म्हणायची, "दादाला कळतं त्यातलं. हलक्या हाताने वाजव की जरा."

एके दिवशी जेवताना दादाने सांगून टाकलं, "या शनिवारपासून वहिनीचा भाऊ वाजवेल. मॅनेजर मागेच लागलाय. कॅबिनेट मात्र तुझंच राहू दे, त्याच्याकडे नाहीये."

शनिवारी ती कोणाला न सांगता गेली आणि मागच्या टेबलाशी बसली. कॅबिनेट कोपऱ्यात नव्हतंच. भिंतीपासून चांगलं पुढे ओढलेलं, दोन भक्कम खोक्यांवर चढवलेलं, तोंड वाजवणाऱ्याच्या कानाकडे. पहिल्याच गाण्यात सूर न् सूर सुटा ऐकू आला. मुलगा दोनचार जागी सरळसरळ चुकला. तरी मॅनेजर मान डोलवत होता.

मध्यंतरात तिने दादाला दारापाशी गाठलं.

"आता नाही दिसत फ्रिज?"

"अगं, त्याला तसंच लागतं म्हणाला. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?"

"आणि मी इतकी वर्षं सांगत होते ते?"

"तू घरचीच ना."

दादा हे अगदी सहज बोलला. त्याला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. तो भांडला असता तरी बरं वाटलं असतं.

कार्यक्रम संपल्यावर तिने वायर काढली, एका वेटरला हाताशी धरलं आणि कॅबिनेट बोलावून घेतलेल्या टेम्पोत चढवलं. वहिनीच्या भावाने रिकामी झालेली खोकी उचलून बाजूला ठेवली. दादा आडवा आला नाही. नुसतं म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीसाठी?"

पुढच्या शनिवारी ग्रुपने भाड्याचं कॅबिनेट आणलं. कार्यक्रम झकास झाला. "डोक्यात राख घालून घेऊन तुला काय मिळालं?" आईने विचारलं.

तिने दुसऱ्या एका ग्रुपच्या ड्रमरला फोन केला. ओळखीचा होता, स्पष्टच बोलला, "तू जोरात वाजवतेस म्हणे. बाकीच्यांचं काही ऐकू येत नाही."

"कोण म्हणालं?"

"तुझा दादाच."

"एकदा येऊन ऐकून तरी जा."

"बघू," तो म्हणाला. अजून आलेला नाही.