सडक्या अंड्यांचा वास

प्रयोगशाळेत तपासायला आलेला दगड गंजासारखा तांबूस होता, म्हणून सूनबाईने डोळे झाकून ठरवलं, हे ऑक्साइड. ऑक्साइड आम्लात गुपचूप विरघळतं, वासबीस काही येत नाही. सल्फाइडवर आम्ल पडलं, तर मात्र सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू सुटतो. त्यासाठी वायू ओढून घेणारं कपाट होतं, पण ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि कंटाळा काही शिकलेल्यांना सोडत नाही. तिने टेबलावरच दगडाच्या पुडीवर आम्ल ओतलं. गंज नुसता वरवरचा होता, आत सल्फाइडच निघालं. भपकारा आला तशी तिने धावत जाऊन भांडं कपाटात ठेवलं आणि खिडकी सताड उघडली.

खिडकीखालीच कँटीन होतं. ते चालवायच्या तिच्या सासूबाई. काम मिळालं होतं सुनेच्याच शब्दावर.

जेवायच्या सुट्टीत सगळे नाक दाबून उभे. "मावशी, अंडी कुठल्या सालातली?" कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. सासूबाई एकेक अंडं वाटीत फोडून दाखवत होत्या, पिवळंधमक, ताजं. बघतंय कोण!

साहेबांनी सुनेला हाक मारली. "बाई, तुम्ही केमिस्ट. कसला वास हा?"

"हायड्रोजन सल्फाइडचा."

"म्हणजे?"

"सडक्या अंड्यांतून येतो तोच वायू."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिला स्वतःची किळस आली. साहेब म्हणाले, "झालं तर. मावशी, उद्यापासून येऊ नका." ती खाली बघत राहिली.

संध्याकाळी दोघी फाटकाबाहेर पडल्या. रिकामी पातेली पिशवीत खडखडत होती.

"तुझ्या शब्दावर घेतलं होतं गं मला," सासूबाई म्हणाल्या. "तुलाच मान खाली घालायला लावली. माफ कर."

"आई, अंडी चांगली होती."

"मलाही तसंच वाटलं. पण तू सांगितलंस म्हणजे असेल काहीतरी. माझं नाक म्हातारं झालं आता."

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना तशीच परत आत घेऊन गेली. साहेब निघायच्या तयारीत होते.

"साहेब, वास माझ्या टेबलावरून आला. चूक माझी होती. दुपारी मला माहीत होतं, तरी बोलले नाही."

साहेब काही म्हणायच्या आतच सासूबाईंनी आपला हात हळूच सोडवून घेतला.