पायावर पाय

"पकडलं! पकडलं!" भूत उतरवणारा बाबा ओरडला आणि माझ्या खोलीत जमलेली गर्दी मागे सरकली. शेजारचे काका खुर्चीतून उठले ते भेलकांडतच. त्यांचं पाऊल लुळं पडलं होतं, अगदी माझ्यासारखं. बाबाने फुंकर मारली, काहीबाही पुटपुटला, आणि थोड्या वेळाने काका नीट चालू लागले. आता शंका घेणार कोण?

माझं पाऊल मात्र गर्भपिशवीच्या ऑपरेशनपासून उचलतच नव्हतं. मी कपडे शिवते. मशीन चालवू कशी? दवाखान्यात विचारलं, तर "होतं असं कधीकधी" एवढंच उत्तर. मग सासूबाईंनी या किल्लीबाबाला आणलं. तो म्हणाला, "हिचं भूत मुरलेलं आहे. सुटेपर्यंत दवाखाना बंद!" खोलीला बाहेरून कुलूप, किल्ली त्याच्या कमरेला. मी ओरडले की घरचे म्हणत, भूत ओरडतंय. गप्प बसले की म्हणत, भूत दबलं. माणसाने करावं तरी काय?

मी तपासणीला गेले नाही म्हणून ऑपरेशनला मला भूल देणाऱ्या डॉक्टरबाई, काकांना भुताने पकडलं त्याच दिवशी, घरी आल्या. सगळा तमाशा त्यांनी दारातून पाहिला आणि सरळ खुर्चीत येऊन बसल्या, दोन्ही पावलं जमिनीवर टेकवून.

"तुमच्या भुताला म्हणावं, मलाही पकड की."

"तसं नाही! पायावर पाय टाका. हलायचं नाही."

"का बरं? टेकवलेला पाय भुताला धरता येत नाही?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"बरं, तुम्ही बसा पायावर पाय टाकून. मंत्र मी म्हणते."

बाबा काही बसेना. बाईंनी काकांच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं. "पाऊल उचलणारी नस इथे कातडीखालीच असते. दाबली की पाऊल लुळं पडतं. पायावर पाय टाकून बसल्याने काकांची थोडा वेळ दबली, म्हणून लगेच सुटली."

"आणि आमची सून?" सासूबाईंनी विचारलं.

बाईंची मान खाली गेली. "ऑपरेशनला हिचे पाय आधारावर ठेवले होते. गुडघा लोखंडी दांड्याला टेकला आणि तीच नस दबून राहिली. मध्ये जाड गादी हवी होती. ऑपरेशन लांबलं, तेव्हा पाय पुन्हा बघायला हवे होते. आम्ही नाही बघितले."

मला रागाने रडू फुटलं. "तेव्हाच का नाही सांगितलं?"

"घाबरलो. आम्ही गप्प बसलो, म्हणून याचं फावलं. पाय बहुतेक सुधारेल, पण महिने लागतील. पाऊल उचलून धरणारा पट्टा हवा, व्यायाम हवा."

सासूबाईंनी किल्ली हिसकावली आणि माझ्या हातात दिली.

पाऊल अजून पुरतं उचलत नाही. पण तुम्हाला सांगते, ऑपरेशनआधी विचारा: माझे हातपाय कसे ठेवणार, खाली काय घालणार, मधूनमधून कोण बघणार? लाजू नका. एकदा भूल दिली की विचारता येत नाही.