दुतोंड्याने दाखवलेली शर्यत

आमच्या टीव्हीखाली जे यंत्र आहे त्याला माझी बायको यासुए दुतोंड्या म्हणते. डाव्या तोंडाने तो जुनी व्हिडिओ कॅसेट गिळतो, उजव्या तोंडाने डीव्हीडी. मधलं बटण दाबलं की कॅसेटमधलं सगळं डिस्कवर उतरतं. तो घरी आणला तेव्हा त्सुबामे गावातल्या यच्चयावत शहाण्यांनी मला वेड्यात काढलं होतं. आता कॅसेट कोण बघतं, म्हणे. अरे, पण कपाटात साठ कॅसेट पडल्या आहेत, त्या काय लोणच्याला घालायच्या?

माहितीपुस्तक एकशे बारा पानांचं आहे आणि मी ते दोनदा वाचलं आहे. चमचे-काट्यांच्या कारखान्यात सदतीस वर्षं पॉलिशच्या यंत्रावर उभा राहिलेला माणूस यंत्राशी अंदाजपंचे वागत नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी जी फजिती झाली त्यात यंत्राचा काडीचाही दोष नाही.

झालं असं, की आमची लेक मिनोरी मेमध्ये लग्न करणार होती. तिचा फोन आला तेव्हा मी पलीकडे बसून पायाची नखं कापत होतो. फोन यासुएने घेतला. लग्नाच्या जेवणावळीत नवरा-नवरीचं बालपण पडद्यावर दाखवायचं असतं, त्यासाठी तिला काहीतरी हवं होतं.

"फोटो ढिगाने आहेत गं," यासुए म्हणाली. "हलतं चित्र? ते कुठून आणू? काय म्हणतेस, कोहेईच्या बाबांनी त्याचा एकही क्रीडादिन चुकवला नाही? सगळे काढलेत? मिळतात बाई एकेकीला असे सासरे. आपल्याकडे कोण जायचं? तुझ्या बाबांना तर शाळेचा रस्तासुद्धा माहीत नव्हता."

मी नखं तिथेच टाकली. "मी गेलो होतो! बालवाडीच्या शेवटच्या वर्षी! कॅमेरा घेऊन गेलो होतो!"

"तेच ते पुराण चालू झालं," यासुए फोनमध्ये म्हणाली.

हे पुराण नव्हे. त्या साली कारखान्यातली पाळी चालू असताना फोरमनच्या हातापाया पडून मी एक तास सुटी मागितली होती. मेहुण्याचा खांद्यावर घ्यायचा कॅमेरा उसना आणला, सायकल दामटत बालवाडी गाठली, शर्यत टिपली आणि जेवणाच्या सुटीआधी परत यंत्रावर हजर झालो. यासुए तेव्हा पालक समितीच्या तंबूत चहा गाळत होती, तिने मला पाहिलं नाही. आणि रात्री मी घरी पोचलो तोवर मिनोरी झोपली होती. सकाळी ती उठायच्या आत मी गेलो. रविवारी मी सांगितलं, "मी आलो होतो हं." त्यावर पाच वर्षांची पोर म्हणाली, "नव्हता आलात. मी शोधलं." झालं. तेव्हापासून बावीस वर्षं मायलेकी मला खोटा ठरवतात. मी कधी ओव्हरटाइमला थांबलो, कधी शाळेच्या गाण्याला गेलो नाही, हे सगळं मान्य. पण जे केलं तेही कुणी खरं मानू नये, हे मला डाचतं. कसं डाचतं ते सांगता येत नाही.

पण पुरावा होता. कॅसेटवर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून मी तिचा प्लॅस्टिकचा दात त्याच दिवशी मोडून टाकला होता.

"आणि बावीस वर्षांत एकदाही लावून पाहिली नाहीत?" यासुएने विचारलं.

"जपून ठेवलेली वस्तू उगाच घासायची नसते."

"भारी जपणारे. दोन डोळ्यांनी बघायला वेळ नाही, आणि दोन तोंडांचं यंत्र आणायला बरा वेळ मिळाला."

मी तिच्या तोंडी लागलो नाही. कॅसेट डावीकडे, कोरी डिस्क उजवीकडे, बटण दाबलं आणि परसातल्या मुळ्याच्या वाफ्याकडे गेलो. दूध तापत ठेवल्यासारखं यंत्रापाशी उभं राहायची मला गरज नसते. परत आलो तर काम तमाम. डिस्क पाकिटात घालून निईगाताला मिनोरीकडे पाठवून दिली.

तीन दिवसांनी फोन. "बाबा, यात काही नाही. नुसता निळा पडदा."

"तुझं यंत्र भिकार आहे."

"कोहेईच्या घरीही लावून पाहिलं. फायनलाइझ केलंत का?"

पान चौऱ्याऐंशी. डिस्क भरून झाली की ती बंद करण्याची एक शेवटची पायरी असते, तिच्याशिवाय ती भरणाऱ्या यंत्राबाहेर कुठेच चालत नाही. मी ते पान दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा विसरलो होतो. नाचता येईना, अंगण वाकडं. मी म्हटलं, "पोस्टवाल्यांनी आपटली असेल."

त्या रविवारी मिनोरी स्वतःच डिस्क घेऊन आली. लग्नाच्या हॉलवाल्यांना बुधवारपर्यंत सगळं द्यायचं होतं. यासुएने बांबूच्या पानात बांधलेले डांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड गोळे मांडले, तिघं कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या टेबलाच्या पांघरुणात पाय घालून बसलो आणि मी दुतोंड्याला डिस्क भरवली. छाती चार इंच फुगली होती, खोटं कशाला बोलू.

पडद्यावर मैदान आलं. कर्ण्यावर मार्चचं संगीत. दोरीपलीकडे मुलं, सगळ्यांचे तेच पांढरे बनियन, तीच निळी चड्डी, आणि लाल टोपी. दोरीअलीकडे बापांची रांग, प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा.

"आता बघ," मी म्हटलं. "चौथी तुकडी, तिसरा पट्टा. छापील कार्यक्रमपत्रिका पाठ करून गेलो होतो मी."

शिट्टी झाली. तिसऱ्या पट्ट्यावरची लाल टोपी सुसाट सुटली. कॅमेरा तिच्यामागे, जराही न हलता. आणि माझा आवाज, चांगला तरुण, बेंबीच्या देठापासून: "पळ मिनोरी! पळ, पळ, पळ!"

"बघा," मी म्हटलं.

मिनोरी पडद्याकडे सरकली. मग मिनोरीने हळूच विचारलं, "बाबा, ही कोण?"

"कोण म्हणजे?"

"ही सावाको आहे. केशकर्तनवाल्यांची. तिच्या हनुवटीवर तीळ आहे, बघा."

मी पुढे सरकलो. हनुवटीवर तीळ होता.

"माझ्या पट्ट्याच्या रांगेतला एक मुलगा तापाने आला नव्हता," मिनोरी म्हणाली. "म्हणून बाईंनी मागच्या सगळ्यांना एकेक तुकडी पुढे सरकवलं. मी तिसऱ्या तुकडीत धावले. दुसरी आले."

तोंडावर ओढायला पदर नव्हता म्हणून यासुएने पांघरूणच ओढून घेतलं. तिचे खांदे गदगद हलत होते. "लोकाच्या पोरीला! बेंबीच्या देठापासून! अहो, केशकर्तनवाल्यांकडे पाठवा ती डिस्क, त्यांना तरी उपयोग होईल!"

मला हसू आलं नाही. कार्यक्रमपत्रिकेचा दोष, मी म्हणू शकलो असतो. कॅमेऱ्याच्या छिद्रात सगळं काळं-पांढरं आणि काडेपेटीएवढं दिसायचं, हेही म्हणू शकलो असतो. पण खरं ते खरं. मी माझ्या लेकीला पट्ट्याच्या नंबरावरून ओळखत होतो. चेहरा मला नीट पाठ नव्हता. रोज झोपलेला चेहरा पाहून तो धावताना कसा दिसतो ते कळत नाही. हातातला डांगो मी खाली ठेवला. मी बंद करायला रिमोट शोधू लागलो.

"थांबा," मिनोरी म्हणाली.

पडद्यावर सावाको शेवटच्या वळणावर होती. तेवढ्यात खालून एक लाल टोपी वर आली आणि तिने अर्धा पडदा झाकला. मग टोपी मागे झुकली आणि चेहरा दिसला. गुडघ्याएवढी पोर, छातीवर दुसऱ्या नंबरची फीत. ती थेट आमच्याकडे बघत होती. मग बाजूच्या माणसाकडे, मग त्याच्या बाजूच्या. एकेका कॅमेऱ्याखालून वर बघत ती चेहरे शोधत होती.

आणि माझा आवाज आला, घाईतला, पण अदबीचा: "बाळा, जरा बाजूला हो हं. माझी मुलगी धावतेय."

पोरीने मान तुकवली. लगेच बाजूला झाली. एवढंच नाही, तर ती दिसेनाशी झाल्यावर चिमुकल्या टाळ्या ऐकू आल्या, अगदी कॅमेऱ्याजवळ. माझ्या मुलीसाठी वाजवत होती ती.

यासुएचं हसणं थांबलं. शर्यत संपली, चित्र हललं, पडदा निळा झाला. मला कुठे तोंड लपवावं कळेना. मिनोरीने रिमोट घेतला, थोडं मागे नेलं, पुन्हा लावलं. टोपी. चेहरा. माझा आवाज. पुन्हा मागे. पुन्हा लावलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती.

"हे कापून टाकू," मी म्हटलं. "पान एक्काहत्तर. कापता येतं."

"हो, कापा. सावाको सगळी कापा. शर्यत कापा." तिने पडद्याकडे बोट केलं. "एवढंच ठेवा. मी वर बघतेय तिथपासून टाळ्यांपर्यंत."

"वेडी की काय तू? ऐंशी माणसांसमोर? तुझ्या सासऱ्यासमोर माझी काय शोभा होईल?"

"होऊ दे."

"मी तुला बाजूला हो म्हणतोय त्यात!"

"हो ना," मिनोरी म्हणाली. तिने बाहीने नाक पुसलं. "म्हणजे तुम्ही आला होतात."

"मग बावीस वर्षं मी दुसरं काय सांगतोय?" मी ओरडलो. निदान ओरडायचं होतं. आवाज कुठेतरी अर्ध्यातच बसला, आणि यासुएने मुकाट्याने माझ्या पेल्यात चहा ओतला.