उतारावरचं कॅथेड्रल

मोंतेसोल गावातलं आठशे वर्षांचं कॅथेड्रल फेब्रुवारीपासून रोज दोन-दोन हात डोंगर उतरत होतं. घरं पडत नव्हती. भिंत त्यांच्यातून आरपार निघून जायची आणि घर कपबशांसकट आत यायचं. बेकरी आत गेली, टपालकचेरी गेली. पाव पूर्वीसारखाच मिळायचा. फक्त तिथं ऊन नव्हतं, आणि आत गेलेलं कुणी बाहेर येत नव्हतं. विचारलं तर म्हणत, "येऊ की नंतर."

वसईची इल्डा तुस्कानो नऊ वर्षांपासून या गावात असुंताआजींची देखभाल करत होती. आजी एक्याण्णव वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचा नवरा गवंडी होता. चाळीस वर्षं त्यानं कॅथेड्रलचे दगड घडवले, आणि शेवटी त्याच्या खोकल्यातूनही दगडाची भुकटी पडायची.

"तो आयुष्यभर आत होता आणि मी बाहेर वाट बघत होते," आजी म्हणायच्या. "मी बाहेरच मरणार."

म्हणून भिंत जवळ आली की इल्डा आजींना पाठीवर घ्यायची आणि उतारावरच्या पुढच्या रिकाम्या घरात न्यायची. मग लोखंडी खाट ओढत आणायची. अशी सहा घरं झाली. तिचे गुडघे बसताना वाजत आणि उठतानाही. सातवं घर शेवटचं होतं. त्याच्या अंगणाला गावकूस, आणि गावकुसाच्या पलीकडे नुसती दरी.

सकाळी फादर एनरिको कॅथेड्रलच्या उंबरठ्यावर यायचे आणि वाकून अंगणात खडूची रेघ मारायचे. स्वतः उंबरठा ओलांडायचे नाहीत.

"उद्या इथपर्यंत," ते म्हणाले.

"थोडं थांबवता नाही येणार, फादर?"

"ते थकलंय, इल्डा. आठशे वर्षं उभं आहे. त्याला खाली बसायचंय." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "तूही थकलीयस. आत बाकं आहेत."

बाकं तिलाही दिसत होती. बेकरीवाली, पोस्टमास्तर, सगळे तिथं हात मांडीवर ठेवून बसलेले. कुणाच्या चेहऱ्यावर काही दुखत असल्याची खूण नव्हती. इल्डाला त्यांचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाजही वाटली नाही, इतकी ती दमली होती.

सातवं घर आत गेलं होतं, उरलं होतं फक्त अंगण. तिनं खाट ओढून गावकुसाला टेकवली. आजींना भाताची पेज भरवली.

"पोरी, तू जा आत," आजी म्हणाल्या. "मी काही म्हणणार नाही."

"तुमची पेज संपू दे," इल्डा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास भिंत खाटेच्या पायथ्याशी आली आणि न थांबता पुढे सरकली. आजींची पावलं आत गेली, मग गुडघे. इल्डानं चादरीखाली हात घालून पाहिलं. पाय थंड पडले होते, कॅथेड्रलच्या फरशीसारखे. चेहरा मात्र उन्हात होता, घामेजलेला.

"कुठवर आलं?" आजींनी विचारलं.

"कमरेपर्यंत."

"तो दिसतोय का कुठं?"

इल्डानं आत बघितलं नाही. तिनं गावकुसावर चढून दरीकडे पाठ केली, टाचा दगडात रोवल्या आणि आजींच्या दोन्ही काखांत हात घालून, त्यांना दुखू न देता, ओढायला सुरुवात केली. पलीकडून आजींचे पाय कुणीतरी तितक्याच हळुवारपणे धरले होते.