चिमट्याचा आजार

धुलाईघराच्या मागच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वाळत घातलेल्या चादरींमधून बायका-पुरुष माना उंचावून बघत होते. टेबलावर काचेचा पेला. एका म्हातारीने त्यात बोट बुडवून काढलं आणि निर्मळबाबाने बाटलीतून थेंब सोडायला सुरुवात केली. तोंडाने चालूच, "बोट बुडवा, गाठ सोडवा, आतला मळ बाहेर दाखवा." पेल्यात बुडबुडे उठले, मग बघता बघता पांढरे गोळे तरंगू लागले. बाबाने ढवळत आणखी थेंब टाकले, तसे गोळे विरून गेले. पाणी नितळ. आजार गेला म्हणे.

इथली माणसं भुलली यात नवल नाही. कपडा बुडवला की पाण्यात उतरतो तो मळ, हे त्यांच्या हातांना जन्मभर ठाऊक. इथे कपड्याच्या जागी बोट आलं, एवढंच. बाबाने गल्ली नीट पारखून निवडली होती.

माझी थोरली बहीण इथेच इस्त्री करते. लहानपणापासून मधुमेह, इन्सुलिनच्या सुईवर जगते. त्या दिवशी सकाळची सुई तिने घेतलीच नव्हती. सुई सोडा, निर्मळ पाणी प्या, असं बाबाने सांगितलं होतं. भावजींनी विनवलं, मी रागावले. ताई म्हणाली, तू शाळेत रसायनशास्त्र शिकवतेस, रोज टोचून घेत नाहीस. बोलताना सारखी सुकल्या ओठांवरून जीभ फिरवत होती.

पण मघापासून ते बुडबुडे मला खटकत होते. असे बुडबुडे साध्या पाण्याला येत नाहीत. पाण्यात खायचा सोडा असेल आणि वरून आम्ल पडलं, तर येतात.

ताईची पाळी आली. बाबाने आपल्याच घागरीतून नवा पेला भरला. मी दोरीवरचा लाकडी चिमटा काढला आणि पेल्यात बुडवला.

"ताईचं बोट नंतर. आधी याचं बघा."

"हा निर्जीव आहे, बाई."

"मग काहीच यायचं नाही. अडतंय कुठे?"

कोणीतरी खुदकन हसलं. चेष्टेने शक्ती कोपते, असं बाबा पुटपुटला आणि त्याने बाटलीकडे हात नेला. ताईचा हात आधी पोचला. तिनेच थेंब सोडले. बुडबुडे आले. मागोमाग गोळे.

"अगंबाई," म्हातारी म्हणाली, "चिमट्यालाही साखर झाली की."

ताईने आणखी थेंब टाकून ढवळलं. चिमटा बराही झाला.

मग मी सांगितलं. बाटलीत आम्ल होतं आणि घागरीत नुसतं पाणी नव्हतं. सोड्यात विरघळवलेलं प्रथिन होतं, बहुधा दुधातलं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. काही मण्यांवर धन विद्युतभार बसतो, काहींवर ऋण. कोणता किती, ते भोवतालच्या आंबटपणावर ठरतं. सोड्यात ऋणभार वरचढ, म्हणून माळा एकमेकींना दूर ढकलतात, सुट्या राहतात, दिसत नाहीत. आम्ल पडत गेलं की धन आणि ऋण समसमान होतात. ढकलणं थांबतं, माळा एकमेकींना बिलगतात, गोळे दिसतात. आणखी आम्ल घाला, धनभार वरचढ. माळा पुन्हा दुरावतात, गोळे विरतात. यात कुणाच्या बोटाचं काही काम नाही.

ताई पेल्याकडेच बघत होती. "आणि माझं इन्सुलिन?"

"तीही अमिनो आम्लांचीच माळ, पण लहान. तुझ्या शरीराला ती ओवता येत नाही आणि प्यायलीस तर पोटात तुटून जाते. म्हणून सुई, ताई."

तिने बाटली खाली ठेवली. "चला," भावजींना म्हणाली, "मला उभं राहवत नाहीये."

दवाखान्यात आम्ही वेळेत पोचलो. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, असं म्हणत डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं.

वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. कोणी चमत्कार दाखवू लागला, तर म्हणा, पेला माझा, पाणी माझं, थेंबही मीच आणलेले, आता दाखव. आणि तो दाखवेपर्यंत आपलं औषध एक दिवसही चुकवू नका.